झोंबलं म्हणजे लागू पडलं

जुलै महिन्यातली गोष्ट, साल २०२३. संध्याकाळी कामावरून घरी आलो, तर घरात आमच्या लॅबचा वास येत होता. आधी वाटलं, आपल्याच कपड्यांना येत असेल. मी सेमीकंडक्टरच्या धंद्यात आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल (आम्ही लाडाने त्याला 'आयपीए' म्हणतो) दिवसभर नाकात असतं. बायको म्हणते, लग्नाआधी तिला वाटलं होतं की मी कुठलं तरी स्वस्तातलं सेंट लावतो! कपडे बदलले, हातपाय धुतले, तरी वास तसाच. माग काढत गेलो तर तो पाहुण्यांच्या बाथरूममधून येत होता. दार ढकललं. अण्णा कमोडचं झाकण पाडून त्यावर बसले होते. उजवा पाय डाव्या मांडीवर, हातात कापसाचा बोळा, आणि शेजारी ९१ टक्के असं ठळक लिहिलेली प्लॅस्टिकची बाटली. जवळजवळ रिकामी.

"काही नाही रे, बुटानं जरा फोड आला होता, तो फुटलाय," अण्णा म्हणाले.

वाकून बघितलं. अंगठ्याच्या खाली, तळव्यावर, जुन्या चार आण्याएवढी जखम. कडा पांढऱ्याफटक.

"किती दिवस झाले?"

"असतील आठ-दहा." (ते सतरा होते, हे नंतर कळलं.)

"झोंबत नाही का हो?"

"अजिबात नाही. म्हणजे बरं होत आलंय."

आणि मी, अमेरिकेतल्या विद्यापीठातून पीएचडी मिळवलेला माणूस, "बरं" म्हणालो आणि चहा टाकायला गेलो.

चहाला उकळी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उघड्या जखमेवर ९१ टक्के अल्कोहोल, आणि झोंबत नाही? लॅबमध्ये हातमोजा फाटून नखाजवळच्या एवढ्याशा चिरेवर आयपीए लागलं तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं. अण्णांना चौदा वर्षांचा मधुमेह आहे. झोंबत नव्हतं ते जखम बरी होत होती म्हणून नव्हे. झोंबलेलं कळायला जे लागतं तेच त्या पायातून निघून गेलं होतं.

गॅस बंद केला आणि परत बाथरूमकडे धावलो.

*

पुढचं सांगण्याआधी अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वरचा प्रसंग वाचून कुणालाही वाटेल की हा कुणी अडाणी माणूस असावा. उलट आहे. अण्णा आमच्या तालुक्याच्या गावात एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते. आता दवाखान्यांतून तो शब्दच गेला. पण तेव्हा कंपाउंडर म्हणजे निम्मा डॉक्टर. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवणं, काचेच्या सिरिंजा उकळणं, ड्रेसिंग करणं, टाके काढणं, रडणाऱ्या पोराला रागावून आणि मग त्याच्या हातावर श्रीखंडाची गोळी ठेवून गप्प करणं, सगळं अण्णा.

त्यामुळे आमच्या घरात प्रथमोपचाराची एक ठरलेली पायरी होती. खरचटलं, तर लाल औषध. कापलं, तर टिंचर आयोडीन. तोंड आलं, तर जांभळं औषध, ज्याने दोन दिवस जीभ बघून वर्ग हसायचा. भाजलं, तर पिवळं बर्नॉल. आणि या सगळ्याच्या वर, राजासारखं, स्पिरिट. टिंचर लावताना आम्ही बोंबलायचो, अण्णा फुंकर घालायचे आणि म्हणायचे, "झोंबलं म्हणजे लागू पडलं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते मला न्यूटनच्या नियमासारखंच सृष्टीचं वाटत आलं. जे झोंबत नाही ते औषधच नव्हे! म्हणून तर सोफ्रामायसिनवर आमच्या आजीचा कधीच विश्वास बसला नाही.

(जाता जाता: 'टिंचर' या शब्दाचा अर्थच मुळी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं औषध. म्हणजे आम्ही बोंबलायचो त्यात आयोडीनचा वाटा होताच, पण अल्कोहोलचाही होता. आणि ते आमचं लाडकं, न झोंबणारं लाल औषध म्हणजे पाऱ्याचं संयुग. अमेरिकेच्या एफडीएने १९९८ साली त्याला सुरक्षित आणि गुणकारी मानायचं नाकारलं आणि ते इथल्या दुकानांतून नाहीसं झालं.)

*

आता ती ९१ टक्क्यांची बाटली घरात कशी आली ते सांगतो. माझ्यामुळेच आली.

अण्णा-आई मे महिन्यात इकडे ओरेगनला आले. दुसऱ्याच दिवशी अण्णा म्हणाले, साखर तपासायला बोटाला सुई टोचायची असते, थोडं स्पिरिट आण. त्यांना घेऊनच औषधांच्या दुकानात गेलो. इथलं औषधांचं दुकान म्हणजे आपल्याकडच्या केमिस्टच्या काउंटरसारखं नसतं. तिथे दूध, वाढदिवसाची कार्डं, बागेतल्या खुर्च्या, असं सगळं असतं आणि मागच्या कोपऱ्यात औषधं. तिथल्या एका फळीवर अल्कोहोलच्या बाटल्या ओळीने उभ्या. ५० टक्के, ७० टक्के, ९१ टक्के, ९९ टक्के. एक हिरवीगार बाटली होती, तिचा वास थेट आयोडेक्सचा. (दोन्हींत विंटरग्रीन नावाच्या वनस्पतीच्या तेलातलं तेच रसायन असतं. पाठ दुखली की चोळायला. म्हणूनच इथे या सगळ्या कुटुंबाला 'रबिंग अल्कोहोल', म्हणजे चोळायचं अल्कोहोल, म्हणतात.)

अण्णांनी चष्मा वर करून सगळी लेबलं वाचली आणि विचारलं, "यातलं कुठलं चांगलं?"

मी म्हणालो, "९१ घ्या. जास्त शुद्ध."

हे उत्तर मी इंजिनियर म्हणून दिलं. आमच्या कामात सिलिकॉनची चकती धुऊन झाल्यावर तिच्यावर राहिलेला पाण्याचा एक थेंब म्हणजे शत्रू. तो वाळला की डाग पडतो आणि त्या डागाखालच्या चिपा वाया जातात. तो थेंब हुसकून लावायला आम्ही आयपीए वापरतो, आणि ते जितकं निर्जळ तितकं चांगलं. दहा-बारा वर्षं हेच केल्यावर 'जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं' हे अंगवळणी पडतं. परीक्षेतसुद्धा आपण तेच शिकलेलो असतो की!

पण अल्कोहोल हे आडनाव आहे, नाव नव्हे. कुलकर्णी आडनावाची सगळी माणसं जशी एका घरातली नसतात, तसंच हे. मुख्य भाऊ तीन. धाकटा मिथेनॉल, एका कार्बनचा. दिसायला, वासाला बराचसा दुसऱ्यासारखा, पण विषारी. पोटात गेला की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं आणि ते डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. मधला इथेनॉल, दोन कार्बनचा, हा दारूतला. आणि तिसरा आयसोप्रोपिल, तीन कार्बनचा. पिण्यालायक नाही, पण कातडीवर जंतू मारायला इथेनॉलच्या तोडीस तोड.

मग अमेरिकेत औषधाच्या फळीवर हा तिसराच भाऊ का दिसतो? कारण कर. पिण्यालायक अल्कोहोलवर इथलं केंद्र सरकार प्रूफ-गॅलनला साडेतेरा डॉलर अबकारी कर घेतं (प्रूफ-गॅलन म्हणजे निम्मं अल्कोहोल असलेला एक गॅलन). मी पीएचडी करत होतो तेव्हा आमच्या लॅबमध्ये आयपीए पिचकारीच्या बाटल्यांतून टेबलाटेबलावर पडलेलं असायचं. पण शुद्ध इथेनॉल मात्र कुलुपात, वहीत नोंद करून, सही करून. घातक आम्लाच्या कपाटाला नसेल एवढा त्याचा बंदोबस्त! विद्यापीठांना ते करमाफ मिळतं, म्हणून थेंबाथेंबाचा हिशेब. आयसोप्रोपिल कुणी पीत नाही, त्यामुळे त्याला ही भानगड नाही. ते १९२० साली न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने तेलशुद्धीतल्या वायूपासून मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आणि गंमत बघा, त्याच १९२० च्या जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी लागू झाली, ती १९३३ च्या डिसेंबरपर्यंत चालली.

त्या दारूबंदीतली एक गोष्ट वाचून मी सुन्न झालो होतो. कारखान्यांसाठीचं अल्कोहोल लोक चोरून, गाळून पितात म्हणून सरकारने १९२६-२७ च्या सुमारास त्यातलं मिथेनॉलचं प्रमाण मुद्दाम वाढवलं. लोक प्यायचे थांबले नाहीत, मरायला लागले. न्यूयॉर्क शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी त्याविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. मरणारे बहुतेक गरीब, कारण श्रीमंतांना चांगली दारू मिळतच होती. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, तिथेही मिथेनॉलच. आणि २०२० साली, करोनात, इथल्या दुकानांतल्या कितीतरी हँड सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल सापडलं. एफडीएने जूनपासून इशारे द्यायला सुरुवात केली आणि ती यादी लांबतच गेली.

आपल्याकडेही हा गोंधळ जुनाच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात अल्कोहोल असलेली औषधंसुद्धा सापडली होती. बलसारा नावाच्या एका गृहस्थांनी कोर्टात धाव घेतली आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. तो कायदा अजून आहे; बारच्या पाटीवरचं 'परमिट रूम' हे त्याचंच लेकरू.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की 'स्पिरिट' म्हटलं की ते एकच असतं असं नाही. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट वेगळं, आणि फ्रेंच पॉलिशवाल्याचं किंवा स्टोव्हचा काकडा भिजवायचं स्पिरिट वेगळं. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात रंग पुसायला मिळतं त्या 'डीनेचर्ड अल्कोहोल'मध्ये तर मिथेनॉल भरपूर असू शकतं आणि ते कातडीतूनही अंगात जातं. घाईत हाताला लागलेली बाटली जखमेवर ओतायची नाही. एवढं तरी लक्षात ठेवा.

*

आता ७० आणि ९१. तुम्हाला वाटेल, जास्त कडक म्हणजे जास्त जंतू मरणार. मलाही वाटलं. तसं नसतं.

अल्कोहोल जंतूंना मारतं ते त्यांच्या प्रथिनांची घडी मोडून. अंडं उकडलं की पांढरा बलक जसा घट्ट होतो, तसं काहीसं. पण घडी मोडायला पाणी लागतं. निर्जळ अल्कोहोल जंतूच्या बाहेरच्या थराला झटकन गोठवतं, आत नीट शिरत नाही, आणि आपलं काम होण्याआधी उडूनही जातं. थोडं पाणी असलं की ते आत शिरतं आणि जरा वेळ टिकतं. अमेरिकेची सीडीसी ६० ते ९० टक्के हा पट्टा सर्वांत प्रभावी मानते. जागतिक आरोग्य संघटनेचं हात निर्जंतुक करायचं मिश्रण आहे, त्यात इथेनॉल ८० किंवा आयसोप्रोपिल ७५ टक्के असतं. म्हणजे मी ज्याला भेसळ समजत होतो ते पाणी इथे निम्मं काम करत होतं. आमच्या फॅबमधला शत्रू इथे जोडीदार!

आणखी एक: धनुर्वाताचे जंतू मातीत बीजरूपाने असतात आणि ती बीजं ७० काय, ९९ टक्क्यांनाही दाद देत नाहीत. त्याला लसच. मोठ्या माणसांनी दर दहा वर्षांनी, आणि जखम खोल किंवा घाणेरडी असेल तर शेवटच्या डोसाला पाच वर्षं होऊन गेली असली तरी परत.

पण खरी चूक टक्क्यांची नव्हतीच. अण्णांनी ७० टक्क्यांचं वापरलं असतं तरी तेच झालं असतं. अल्कोहोल हे अखंड कातडीसाठी आहे. इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात तो बोळा कातडीवरचे जंतू मारतो. कातडीच्या वरच्या मेलेल्या पेशींच्या थरामुळे खालच्या जिवंत पेशींना धक्का लागत नाही. जखमेत तो थर नसतो. तिथे ज्या नव्या पेशी उगवून जखम भरून काढणार, जंतूंशी लढायला ज्या पांढऱ्या पेशी धावून येणार, त्याही प्रथिनांच्याच. अल्कोहोलला आपला-परका कळत नाही. झोंबतं ते औषध लागू पडल्याचं नव्हे, आपलीच माणसं मरत असल्याचं!

हे ज्ञान काही आजचं नाही. जोसेफ लिस्टरने १८६५ साली ग्लासगोत उघड्या अस्थिभंगाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरून पोरांचे पाय वाचवले, तेव्हापासून जखमेत काहीतरी कडक ओतायची पद्धत पडली. पण पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग (पुढे पेनिसिलिनवाला, तोच) या जखमा तपासत बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की खोल जखमेच्या कानाकोपऱ्यांतल्या जंतूंपर्यंत ही रसायनं पोचत नाहीत, मात्र पांढऱ्या पेशी मारतात. म्हणजे फायद्यापेक्षा तोटा जास्त. शंभर वर्षं होऊन गेली. आज इथले कातडीचे डॉक्टर साध्या कापण्या-खरचटण्याला सांगतात ते ऐकून आमच्या आजीने त्यांना घराबाहेर काढलं असतं: वाहतं स्वच्छ पाणी, साधा साबण, वर पेट्रोलियम जेली आणि पट्टी. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, आयोडीन नको, अल्कोहोल नको.

हे कळल्यावर मी त्या बाटलीचं लेबल वाचलं. दुकानात अण्णांनी वाचलं होतं, मी नव्हतं. त्यावर बारीक अक्षरांत 'फर्स्ट एड' लिहिलेलं होतंच, पण त्याखाली हेही होतं: खोल जखम असेल तर डॉक्टरांना विचारा, एका आठवड्याहून जास्त वापरू नका.

*

त्या संध्याकाळी मी अण्णांच्या समोर फरशीवर बसलो आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही तीस वर्षं ड्रेसिंग केलीत. स्पिरिट जखमेत घालायचं नसतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "डॉक्टर कडेकडेनं पुसायला सांगायचे. आत नाही."

"मग?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तूच नाही का सांगितलंस, विमानतळावरून येताना. इथे आजारी पडायचं नाही म्हणून."

मंडळी, हा विनोद मी केला होता. परदेशात राहणारा प्रत्येक मुलगा आईवडिलांना गाडीत बसवून हा विनोद करतो. "बाकी काहीही करा, पण इथे आजारी तेवढे पडू नका हं! घर विकावं लागेल." सगळे हसतात. अण्णाही हसले होते. आणि मग पाहुण्यांचा विमा काढताना मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं, की आधीपासून असलेले आजार यात धरलेले नाहीत. म्हणजे साखर नाही. अण्णांनी ते मनात नोंदवून ठेवलं. बूट मीच आणलेले, महागाचे, चालायला बरे म्हणून. ते चावतात असं म्हटलं तर मला वाईट वाटेल, म्हणून तेही बोलले नाहीत. फोड आला, फुटला. घरात मी घेऊन दिलेली सर्वांत कडक बाटली होती. बाकी सगळं तर सरळच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पायाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, माझ्यापेक्षाही लहान असाव्यात. त्यांनी आधी अण्णांना डोळे मिटायला सांगितले. मग पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक जाड केसाएवढा धागा काढला. तो कातडीला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. (एवढं साधं आणि एवढं अचूक उपकरण मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.) "लागलं की 'यस' म्हणा," बाई म्हणाल्या. त्या तळव्यावर एकेका जागी धागा टेकवत होत्या आणि खोलीत शांतता होती. टाचेजवळ एकदा "यस" आलं. बाकी काही नाही. अण्णा डोळे मिटून, शहाण्या विद्यार्थ्यासारखे, प्रश्न सुरू व्हायची वाट बघत होते. परीक्षा संपत आली होती आणि त्यांना ती सुरू झाल्याचंच कळलं नव्हतं.

डोळे उघडल्यावर त्यांनी तो धागा हातात घेऊन बघितला आणि मला मराठीत म्हणाले, "हे मी बघितलंय. कुष्ठरोग्यांच्या कॅम्पात."

ते बरोबर होतं. घरी येऊन वाचलं. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद होते. जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला, मिशनरी आईबापांचा मुलगा. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. त्यांनी दाखवलं की कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून झडत नाहीत. रोगाने बधिरता येते, दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, चटका बसला तरी हात काढत नाही, आणि मग हातपाय जातात. १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग इस्पितळात आले आणि तिथे मधुमेह्यांच्या पायांनाही हेच लागू होतं हे त्यांनी मांडलं. वेदना ही देणगी आहे, या अर्थाचं एक पुस्तकच त्यांनी १९९३ साली लिहिलं. म्हणजे वेल्लोरला शिकलेली गोष्ट लुइझियानातून फिरून ओरेगनमध्ये आमच्या अण्णांच्या तळव्यापर्यंत पोचली होती.

बाईंनी जखमेभोवतीची मेलेली कातडी काढली (अण्णा बघत होते, दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखे), मिठाच्या निर्जंतुक पाण्याने जखम धुतली, एक्स-रे काढला. नशीब, हाडापर्यंत गेलं नव्हतं. पाठीमागे एक मोठा बूट दिला, जखमेच्या जागी पोकळी असलेला, म्हणजे तिथे भार पडू नये. खरं औषध ते. दोन आठवडे उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गाडीत अण्णा म्हणाले, "आमच्याकडं त्यांना एमसीआरच्या चपला देत. मऊ रबराच्या. आता मलाही लागणार म्हण." आणि मग खिडकीबाहेर बघत, "तीस वर्षं त्यांना सांगत होतो मी. दुखत नाही म्हणून बसू नकोस, रोज पाय बघत जा, म्हणून. त्यांना ओरडायचो."

मी काही बोललो नाही. बिल सगळं धरून दीड हजार डॉलरच्या आसपास झालं. घर विकावं लागलं नाही.

*

जखम भरायला आठ आठवडे लागले. अण्णा ऑक्टोबरात ठरल्या तारखेला परत गेले, पायात इथून घेतलेल्या मऊ तळव्याच्या चपला आणि बॅगेत एक हातआरसा. रोज रात्री तो आरसा तळव्याखाली धरून पाय बघायचा, बोटांच्या बेचक्यांसकट, हा नियम. रविवारी व्हिडिओ कॉल झाला की आधी पाय दाखवायचे, मग बाकीच्या गप्पा. आई म्हणते, जगात एवढा लांबून वडिलांच्या पाया पडणारा तू एकटाच.

मी नावामागे डॉ. लावतो, पण तो डॉक्टर मी नव्हे, तेव्हा माझं ऐकून काही करू नका. फक्त एवढं करा. घरात मधुमेहाचं कुणी असेल, तर आज त्यांचे तळवे तुम्ही स्वतः बघा. 'दुखत नाही' यावर विसंबू नका, आणि जखम दिसली तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे न्या. बाकी साधं खरचटलं असेल तर पाणी आणि साबण. पिण्याजोगं पाणी नळाला येत नसेल तर उकळून गार केलेलं. स्पिरिट इंजेक्शनवाल्यासाठी ठेवा.

आणि आईवडील तुमच्याकडे परदेशात आले, तर विमानतळावरून येताना तो विनोद करू नका. मी आता करत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या लेकाचा सायकलवरून पडून गुडघा फुटला. नळाखाली धरला, साबण लावला, तो काही रडला नाही. तरी माझ्या तोंडून निघालंच, "झोंबतंय का रे?"

"हो बाबा, थोडं."

एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!